ऐन उन्हाळ्यात आयरिस का उपटायची?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकिणीने लावलेली आयरिसही मिळाली. सुरुवातीला मे महिन्यात जांभळ्या फुलांनी वाफा भरायचा. यंदा नुसती पानंच आली. शेजारीण म्हणते, जुलैत सगळं खणून काढ, तोड आणि परत लाव. भर उन्हात उपटलेलं झाड जगेल का? माहेरी सांगलीला हळद पुरतात तसंच खोल पुरायचं का?

उत्तर : शेजारीण बरोबर सांगते आहे. खोल मात्र पुरू नका.

आयरिसचा कंद हळदीसारखाच, म्हणजे जमिनीत आडवं वाढणारं खोड. फरक असा, की आयरिसच्या गड्ड्याच्या टोकातून फुलाचा दांडा एकदा वर आला की त्या टोकाचं काम कायमचं संपतं. मग त्याच्या दोन्ही कुशींना पिल्लं फुटतात आणि पुढची फुलं त्यांच्यावर येतात. चार-पाच वर्षांत पिल्लांची पिल्लं एकमेकांवर चढतात, उपाशी राहतात आणि नुसती पानं काढतात. तुमच्या वाफ्यात बहुधा हेच झालंय.

जुलैच का? बहर सरल्यावर जुनी मुळं झडू लागतात आणि पिल्लांना नवी फुटायची असतात. या मधल्या सुस्तीत उपटलं तर झाडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. थंडी पडण्याआधी निदान सहा आठवडे मिळाले की नवी मुळं जमिनीत धरतात.

काटेरी फावड्याने आख्खा गड्डा उचला, माती झाडा आणि पिल्लं हाताने मोडून किंवा सुरीने कापून सुटी करा. हळदीत जेठे गड्डे बियाण्याला राखतात. इथे उलट, म्हातारा गड्डा फेकायचा आणि पानांचा पंखा असलेलं टणक पिल्लू ठेवायचं. पंखा वीतभर राखून वरचा भाग छाटा, नाहीतर मुळं धरण्याआधीच पानं पाणी उडवून बसतील. दाबल्यावर मऊ लागणारा, घाण वास येणारा तुकडा कचऱ्यातच टाका, खतात नको. पोखरलेल्या कंदात गुलाबीसर अळी सापडेल. ही अमेरिकेच्या पूर्व भागातली आयरिसची खास वैरीण. जुलैत खणण्याचा हाही एक फायदा, कारण तेव्हा ती नेमकी कंदात बसलेली असते. दिसली की चिरडा.

लावताना खड्ड्याच्या मध्ये मातीचा छोटा उंचवटा करा. त्यावर कंद ठेवून मुळं दोन्ही बाजूंना सोडा आणि मुळांवरच माती दाबा. कंदाची पाठ उन्हाला उघडी दिसली पाहिजे. खोल गाडला की तो कुजतो, नाहीतर फुलायचं विसरतो. दोन रोपांत फूटभर तरी अंतर हवं. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, मग हात आखडता घ्या. शेणखताचा मोह टाळा; जास्त नत्राने पानं माजतात आणि कंद सडतो.

हे सगळं खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या दाढीवाल्या आयरिसबद्दल झालं. तुमची पानं गवतासारखी अरुंद असतील तर ती सायबेरियन असू शकते. तिला ओलावा आवडतो, कंदही मातीखालीच हवा आणि ती वसंताच्या तोंडाशी किंवा उन्हाळा सरल्यावर विभागतात.

पुढच्या मे महिन्यात फुलं थोडी येतील, त्यानंतरच्या वर्षी वाफा पूर्वीसारखा भरेल. उरलेली पिल्लं शेजारणीला द्या, सांगलीला आणू नका. परवान्याशिवाय असे कंद भारतात आणता येत नाहीत, आणि आणले तरी कडक हिवाळ्यावाचून ही आयरिस तिथे फुलणं कठीण.