शरीराच्या दिशा



आपल्या चौक गावावरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. गावाच्या उत्तरेस इर्शाळगडाचा सुळका उभा आहे, वायव्येस पनवेल आहे व आग्नेयेस खोपोली. आता अशी कल्पना करा की, एक मुलगा गडाकडे तोंड करून रस्त्याच्या कडेस उभा आहे, आणि दुसरा गडाकडे पाठ करून त्याच्यासमोर उभा आहे. एखाद्या वाटसरूने पनवेल कोणीकडे असे विचारल्यास पहिला म्हणेल, "डावीकडे." दुसरा म्हणेल, "उजवीकडे." दोघेही खरेच बोलत आहेत, तरी वाटसरू बिचारा गोंधळात पडणार! परंतु दोघांनीही "वायव्येस" असे म्हटले असते, तर वादास जागाच उरली नसती. डावे-उजवे हे बोलणाऱ्याबरोबर फिरते. वायव्य दिशा कोणाबरोबर फिरत नाही.

ज्यास मानवी शरीराच्या अभ्यासास आरंभ करावयाचा आहे, त्याने हा भेद प्रथम मनात पक्का करावा. हृदयास कप्पे किती आणि यकृताचे कार्य कोणते, हे मागाहून शिकता येईल. शरीर हा एक मुलूख आहे असे मानले, तर त्या मुलखास स्वतःच्या दिशा आहेत, आणि पाहणारा कोठेही उभा असला तरी त्या बदलत नाहीत.

वर्गातील तक्त्यासमोर मुलास उभे करून "हृदयाचा अधिक भाग छातीच्या कोणत्या बाजूस असतो?" असे विचारले म्हणजे तो पाठ केलेले उत्तर बिनचूक देतो, "डाव्या." मग "आता तक्त्यावर डावी बाजू दाखव" असे म्हटले की, त्याची छडी बहुधा तक्त्याच्या डाव्या कडेकडे वळते, आणि यकृतावर जाऊन टेकते! कारण तक्त्यावरील मनुष्य आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा डावा हात आपल्या उजव्या हातासमोर आहे. शारीरशास्त्रात उजवे व डावे हे नेहमी त्या शरीराचे असते, पाहणाऱ्याचे नव्हे. रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. त्या किरणांनी काढलेला फोटो घरी आलेला असेल, तर तो खिडकीच्या उजेडात धरून पाहा. त्याच्या एका कोपऱ्यात इंग्रजी 'आर' अथवा 'एल' असे अक्षर उमटलेले आढळेल. रोग्याची उजवी अथवा डावी बाजू कोणती, हे सांगणारी ती खूण होय. ती खूण अनावश्यक आहे असे कोणी म्हणू नये. हृदयाचा कल डावीकडे असतो एवढ्यावरून बाजू ओळखू, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, सुमारे दहा हजारांत एखाद्या मनुष्याचे सर्व अंतर्भाग आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट असतात. हृदय उजवीकडे व यकृत डावीकडे. अशी माणसे बहुधा निरोगी आयुष्य घालवितात, आणि पुष्कळदा त्यांस त्याची वार्ताही नसते.

दिशा ठरवावयाच्या तर शरीराची ठेवणही एकदा ठरविली पाहिजे. जगातील सर्व वैद्यक-विद्यालयांत ती अशी मानली आहे: मनुष्य ताठ उभा, पावले जुळलेली व पुढे वळलेली, दृष्टी समोर, हात अंगालगत खाली सोडलेले, तळहात पुढे आणि अंगठे बाहेरच्या अंगास. कवाइतीतील 'सावधान'ची आठवण येईल, परंतु कवाइतीत तळहात मांडीकडे असतो. रोगी खाटेवर पालथा पडलेला असो, की त्याचा पाय मुडपलेला असो. वर्णन करणाऱ्याने त्यास मनाने या ठेवणीत उभे करावयाचे आणि मग बोलावयाचे.

तळहात पुढेच का, असा प्रश्न विचारी विद्यार्थ्यास पडेल. त्याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा स्वतःच्या हातात शोधावे. उजवे कोपर मेजावर टेकवा, तळहात वर करा, आणि डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या हाताचा मनगटाच्या थोडा अलीकडचा भाग दोन्ही बाजूंनी धरा. तेथे दोन हाडे लागतील. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस, करंगळीच्या बाजूचे ते अल्ना. आता कोपर न हलविता तळहात हळूहळू पालथा करा. अल्ना जवळजवळ जागच्या जागी राहते, आणि रेडियसचे मनगटाकडील टोक तिला ओलांडून पलीकडे जाते. कुलपात किल्ली फिरविताना, पळीने आमटी वाढताना हेच घडत असते. तळहात पुढे असताना ही दोन हाडे एकमेकांस समांतर असतात; तळहात मागे वळला की ती फुलीसारखी एकमेकांवर येतात, आणि बाहेरचा अंगठा आत मांडीकडे येतो. अशा फिरत्या अवयवाची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती? ठेवण ठरविली नाही, तर दर घटकेस उत्तर बदलेल. ठरविली, म्हणजे अंगठा हा सर्वकाळ बाहेरच्या बाजूचा आणि करंगळी सर्वकाळ आतल्या बाजूची, मग हात कसाही फिरलेला असो. डॉक्टर नाडी पाहतात ती मनगटाच्या बाहेरच्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाशी, हे आता तुम्हांस सांगता येईल.

एवढे समजल्यावर दिशांची नावे शिकणे कठीण नाही. कपाळाचा मध्य, नाकाचे टोक आणि बेंबी यांतून जाणारी उभी रेषा ही शरीराची मध्यरेषा. तिच्याजवळचे ते मध्यस्थ, इंग्रजीत मीडियल. तिच्यापासून बाजूस गेलेले ते पार्श्वस्थ, म्हणजे लॅटरल. पुढचे ते अग्र, अँटीरिअर. मागचे ते पश्च, पोस्टीरिअर. डोक्याकडचे ऊर्ध्व, सुपीरिअर. पायांकडचे अधःस्थ, इन्फीरिअर. येथे शब्दाच्या अर्थाने फसू नये. सुपीरिअर म्हणजे श्रेष्ठ नव्हे आणि इन्फीरिअर म्हणजे कनिष्ठ नव्हे. अवयवांत उच्चनीच नाही, हे तर संत पौलानेही करिंथकरांस फार पूर्वी लिहून ठेवले आहे.

आपल्या मायबोलीने यांतील काही दिशा कधीच ओळखल्या आहेत. गुडघ्याखालच्या पायाच्या पुढच्या भागास आपण नडगी म्हणतो व मागच्या भागास पोटरी. इतका नेमका भेद करणारी भाषा दरिद्री नव्हे. परंतु तीच भाषा खांद्यापासून बोटांपर्यंत सर्वांस 'हात' म्हणते आणि खुब्यापासून अंगठ्यापर्यंत सर्वांस 'पाय'. "पाय दुखतो" असे सांगणाऱ्या रोग्यास डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, तर त्यात नवल नाही. मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, चवडा असे शब्द असता ते का वापरू नयेत?

हातापायांसाठी आणखी एक जोडी आहे, ती पालकांस विशेष उपयोगी पडेल. फांदी जशी खोडास जोडलेली असते, तसा हात धडास जोडलेला आहे. जोडाच्या जवळचे ते समीपस्थ, प्रॉक्सिमल. दूरचे ते दूरस्थ, डिस्टल. जांभळाच्या झाडावरून पडणारा मुलगा स्वाभाविकपणे हात पुढे टेकतो, आणि शरीराचा सर्व भार मनगटावर येतो. अशा वेळी मोडणाऱ्या हाडाचे वर्णन अब्राहम कोलिस या डब्लिनच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली केले. तेव्हा क्ष-किरण नव्हते, त्याने ते केवळ निरीक्षणाने ओळखले. आज दवाखान्याच्या कागदावर 'फ्रॅक्चर डिस्टल एंड रेडियस, राइट' असे लिहिलेले असते. आता ते वाचून पाहा: उजव्या हाताच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, धडापासून दूर असलेले टोक मोडले आहे. कागद म्हणजे पत्ता झाला.

बैलाकडे पाहिले म्हणजे आणखी एक मौज कळते. बैलाचे पोट खाली, पाठ वर. माणसाचे पोट पुढे, पाठ मागे. बैलाचे डोके पुढे, आपले वर. म्हणून माणसासाठी बांधलेले 'पुढे' व 'वर' हे शब्द जनावरास जसेच्या तसे लावता येत नाहीत. जीवशास्त्राच्या पुस्तकात पृष्ठ बाजू व अधर बाजू असे शब्द येतात, ते याचसाठी. पृष्ठ म्हणजे पाठीची, अधर म्हणजे पोटाची. चार पायांवर असो की दोन, हे शब्द टिकतात. जनावरांवरून माणसाचे शरीर ताडण्याचा धोका प्राचीन ग्रीक वैद्य गेलन यास भोवला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे त्याने लिहिले, आणि सुमारे तेराशे वर्षे ते प्रमाण मानले गेले. व्हेसेलियसने मानवी प्रेते स्वतः विच्छेदून १५४३ साली आपला सचित्र ग्रंथ छापला, त्यात जबड्याचे हाड एकच आहे असे दाखविले.

आपल्या देशात सुश्रुताने शारीरस्थानात प्रेत गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री भिजविण्याची आणि मग कुंचल्याने एकेक थर घासून पाहण्याची रीत सांगितली आहे. त्याने हाडे तीनशे मोजली. आज प्रौढाची २०६ धरतात. हा फरक पाहून हसू नये. दात, कूर्चा यांसही हाड म्हटले म्हणजे संख्या वाढणारच. पुढे ही परंपरा खंडित झाली. मुंबईत १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली, ती १८३२ साली बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजी हे तेथील पहिल्या पदवीधरांपैकी एक. १८६१ साली त्याच कॉलेजात मराठी वर्ग निघाला. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले व १८९७ साली वैद्यकीय शाळा काढली. सांगली-मिरज मार्गावरील वानलेसवाडी हे नाव त्यांचेच होय.

त्या काळापर्यंत युरोपातही एकाच अवयवास निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे होती. १८९५ साली बाझल येथे शारीरशास्त्रज्ञांनी सुमारे पन्नास हजार नावांतून निवडून सुमारे पाच हजारांची एक यादी ठरविली. तेव्हापासून पुष्कळ अवयवांचे नाव हाच त्यांचा पत्ता असतो. कमरेच्या हाडाचा जो टोकदार भाग पुढून बोटांस लागतो, त्याचे नाव 'अँटीरिअर सुपीरिअर इलियक स्पाईन'. नाव लांबलचक खरे, पण अर्थ सरळ आहे: कमरेच्या हाडाचा पुढचा, वरचा काटा.

हाच काटा एखाद्या रात्री घरातल्या मुलाच्या जिवाशी येऊन ठेपतो. आंत्रपुच्छास, म्हणजे अपेंडिक्सला सूज आली असता दुखणे बहुधा आरंभी बेंबीभोवती असते, आणि काही तासांनी ओटीपोटाच्या उजव्या बाजूस सरकते. उजव्या काट्यापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पून काट्याकडून तिचा एक-तृतीयांश मोजला, म्हणजे जो बिंदू येतो तेथे दाबल्यास फार दुखते. १८८९ साली मॅकबर्नी या अमेरिकन शस्त्रवैद्याने हा बिंदू दाखवून दिला. सर्वांचे दुखणे याच वाटेने जाते असे नाही, आणि निदान डॉक्टरांनीच करावयाचे. परंतु "पोट दुखते" एवढेच ऐकून आजीने एरंडेल पाजावे, हे मात्र होता कामा नये. अशा दुखण्यात जुलाब घातक ठरू शकतो. मुलास एका बोटाने जागा दाखवावयास सांगावे, पूर्वी कोठे दुखत होते व आता कोठे, हे विचारावे, आणि दुखणे वाढत असल्यास सकाळची वाट पाहू नये. २०१४ सालापासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दूरध्वनीवर बोलताना "बेंबीच्या खाली, उजवीकडे, चार तासांपासून" हे पाच शब्द पुष्कळ काम करतात.

येथे पालकांशी दोन शब्द स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. शरीराचे धडे, विशेषतः मुलींस, शिकवू नयेत असे काहींस वाटते. संकोच मला समजतो. परंतु ज्या अवयवास घरात नाव नाही, त्याचे दुखणे सांगणार कसे? डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर आपल्या शेजारच्या कल्याणचे. १८८३ साली सेरामपूर येथील भाषणात, आपण अमेरिकेस का जात आहो याचे कारण त्यांनी सांगितले: या देशात स्त्री-डॉक्टरांची उणीव आहे. १८८६ साली त्यांनी पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नसता त्या निवर्तल्या. आज स्त्री-डॉक्टर पुष्कळ आहेत; पण दुखणे शब्दांत सांगण्याचे काम अद्याप रोग्यासच करावे लागते, आणि ओटीपोट, जांघ, काख हे शब्द उच्चारण्यात अशिष्ट असे काहीच नाही.

डावे-उजवे चुकल्याने अनर्थ होतो, तो केवळ अडाण्यांच्या हातून नव्हे. निरोगी गुडघा कापला जाऊ नये यास्तव मोठमोठ्या रुग्णालयांतही आता रोगी शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रियेच्या जागी लेखणीने खूण करतात, आणि सुरी लावण्यापूर्वी सर्वजण थांबून रोग्याचे नाव, शस्त्रक्रिया व जागा मोठ्याने उच्चारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशी एकोणीस कलमांची यादी प्रसिद्ध केली. दिल्ली धरून आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तुमच्या घरातील कोणावर शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर "खूण केली का?" असे विचारण्यास भिऊ नका. चांगल्या डॉक्टरांस त्या प्रश्नाचा राग येत नाही.

सुट्टीत पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणावीत. आरशात न पाहता, स्वतःच्या शरीरावर बोट ठेवून लिहावीत.

कोपर हे मनगटाच्या समीपस्थ की दूरस्थ? कान हे नाकाच्या मध्यस्थ की पार्श्वस्थ? पायाचा अंगठा करंगळीच्या मध्यस्थ असतो आणि हाताचा पार्श्वस्थ. असे का, ते वर सांगितलेल्या ठेवणीत उभे राहून शोधा. उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित अधःस्थ असते. त्याच्या वर कोणता मोठा अवयव बसला आहे? आणि शेवटचा प्रश्न घरच्या मंडळींच्या मदतीने सोडवा: आजोबांस विचारा की त्यांचे नेमके कोठे दुखते, आणि ते सांगतील ती जागा या धड्यातील शब्दांनी दोन ओळींत लिहा.