उंच चढविलेल्या वजनांतील शक्ति व तिचा हिशेब

मोटेची धाव उताराची कां असते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. बैल उतरणीला लागले म्हणजे त्यांच्या अंगचें वजनही नाडा ओढूं लागतें. याच तत्त्वावर, दिवसां सौर पट्ट्यांची वीज शिल्लक राहिल्यास तिनें पडीक विहिरींतून मोठा धोंडा वर ओढून ठेवावा, व रात्रीं तो खालीं सोडून वीज परत करावी, अशी कल्पना हल्लीं पुष्कळांस सुचते. ती खोटी नाहीं. परंतु पैसा घालण्यापूर्वीं हिशेब पाहणें अवश्य आहे.

१ टन वजन १ मीटर चढविलें म्हणजे १ टन-मीटर काम झालें असें धरूं. विजेचें १ युनिट म्हणजे असे सुमारें ३६७ टन-मीटर. १० टनांचा धोंडा १५ मीटर चढविला तर १५० टन-मीटर, म्हणजे ०.४१ युनिट सांठलें. ५ अश्वशक्तीच्या पंपास तासाला निदान ३.७ युनिटें लागतात. घर्षणांत कांहींच वायां गेलें नाहीं असें मानलें, तरी पंप जेमतेम साडेसहा मिनिटें चालेल!

स्कॉटलंडांतील लीथ बंदरावर २०२१ सालीं असाच प्रयोग झाला. १५ मीटर उंच मनोऱ्यांत २५ टनांचीं दोन वजनें टांगलीं होतीं. त्या यंत्राचा जोर २५० किलोवॅटचा होता. पण वरील हिशेबानें एकंदर सांठा सुमारें २ युनिटांचाच येतो. मोठा जोर म्हणजे मोठा सांठा नव्हे, हें लक्षांत ठेवावें.

वजन अफाट व उंची मोठी असेल, तेथें मात्र हें तत्त्व फळास येतें. अकोले तालुक्यांतील घाटघर येथें धरणाचें पाणी सह्याद्रीच्या कड्याखालीं सुमारें ४०० मीटर उतरवून २५० मेगावॅट वीज करितात, व मागणी कमी असतांना पाणी पुन्हां वर चढवितात. अशा योजनांत १०० युनिटें खर्चून सामान्यतः ७० ते ८० परत मिळतात.

आपल्या शेतांत घाटघर होणार नाहीं. परंतु वजन म्हणून पाणीच घ्यावें, हा धडा घेण्याजोगा आहे. जवळ उंचवटा असल्यास तेथें टांकी किंवा अस्तर घातलेलें तळें करावें. १ लाख लिटर पाणी म्हणजे १०० टन. तें १५ मीटर चढविण्याचें काम सुमारें ४ युनिटांचें. पंप व मोटर मिळून निम्मी शक्ति कामीं आली, तर ८ युनिटें लागतील. त्या पाण्याची पुन्हां वीज करूं गेल्यास ४ युनिटेंही हातीं येणार नाहींत. पण आपणांस वीज नको, पाणीच हवें आहे, म्हणून ही दुसरी तूट आपोआप टळते. शिवाय १५ मीटर उंचीचें पाणी दर चौरस सेंटिमीटरास दीड किलो दाब देतें. ठिबकास साधारण १ किलो पुरतो. उरलेला नळ्या व गाळणी यांत खर्चीं पडतो.

सबब, शिल्लक विजेनें धोंडा न चढवितां पाणी चढवावें, अशी आमची शिफारस आहे.