हिरड्यांचा रोग आणि शरीराची प्रतिकारशक्ती

दात घासताना हिरड्यांतून रक्त येणे ही आपल्याकडे किरकोळ बाब समजली जाते. पुढे दात हलू लागले की वयाला दोष दिला जातो, आणि पन्नाशीच्या आत दात पडले तरी तो दैवाचा भाग मानला जातो. वास्तविक या दोन्ही गोष्टी एकाच रोगाच्या आरंभीच्या आणि अखेरच्या अवस्था होत. या रोगाला बोलीभाषेत ‘पायोरिया’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १०० कोटी लोकांना हा रोग तीव्र स्वरूपात जडलेला आहे. त्याचे कारण केवळ अस्वच्छता नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीचाही त्यात मोठा वाटा आहे, हे गेल्या सहा दशकांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. हे संशोधन समजून घेतले तर रोग कसा टाळावा आणि उपचार केव्हा घ्यावेत, हे आपोआप स्पष्ट होते.

तीन आठवड्यांचा प्रयोग

दातांवर सतत एक चिकट, पिवळसर पांढरा थर साचत असतो. हा थर अन्नाच्या कणांचा नसून मुख्यतः जिवंत जीवाणूंचा असतो. तो वेळीच काढला नाही तर लाळेतील क्षार त्यात बसून तो दगडासारखा कठीण होतो. यालाच आपण कीटण म्हणतो.

या थराचा हिरड्यांशी नेमका संबंध काय, हे डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड लोए या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली सिद्ध केले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींना त्यांनी दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांच्या अवधीत त्या सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. नंतर दात घासणे पुन्हा सुरू करताच हिरड्या थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. या साध्या प्रयोगाने दोन गोष्टी निश्चित झाल्या. दाहाचे कारण जीवाणूंचा थर हेच आहे आणि या अवस्थेतील रोग पूर्ण बरा होऊ शकतो.

श्रीलंकेच्या चहामळ्यांतील पाहणी

यानंतर लोए यांच्यापुढे पुढचा प्रश्न होता. दाह सर्वांना होतो, मग दात सर्वांचेच पडतात काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९७० साली श्रीलंकेच्या चहामळ्यांतील ४८० तमिळ पुरुष कामगारांची पाहणी सुरू झाली आणि ती १९८५ पर्यंत चालली. या कामगारांना दात घासण्याची सवय नव्हती व दंतोपचारही कधी मिळालेले नव्हते. त्यांच्यात दातांची कीड जवळजवळ नव्हती. त्यामुळे जे दात पडत, ते हिरड्यांच्या रोगानेच पडत.

सर्वांच्या दातांवर थर होता, कीटण होते आणि हिरड्यांना दाहही होता. तथापि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांचे तीन स्पष्ट गट पडले. सुमारे ८ टक्के कामगारांत रोग अतिशय वेगाने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांत तो हिरड्यांच्या दाहापलीकडे गेलाच नाही. पहिल्या गटातील लोकांचे दात विसाव्या वर्षापासून पडू लागले व पंचेचाळिसाव्या वर्षी तोंडात एकही दात उरला नाही. मधल्या गटाने त्याच वयापर्यंत सरासरी ७ दात गमावले. शेवटच्या गटाचे दात जवळजवळ शाबूत राहिले. तोंडाची अस्वच्छता सारखीच असताना परिणाम मात्र इतके भिन्न होते. हा फरक केवळ जीवाणूंवरून उलगडत नाही. रोगाला शरीर कसे तोंड देते, याचा विचार त्यासाठी करावा लागतो.

रक्षकाकडून होणारी हानी

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. जीवाणू तेथे शिरू लागताच रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून त्या खाचेत येतात आणि जीवाणूंना गिळून टाकतात. त्यांच्या जोडीला रक्तातील प्रतिपिंडेही येतात. निरोगी माणसाच्या हिरडीतही हे रक्षणकार्य अखंड चालू असते.

थर अनेक महिने तसाच राहिला की ही लढाई लांबते. अधिकाधिक पेशी हिरडीत जमा होतात व तीव्र रसायने सोडू लागतात. ही रसायने जीवाणूंबरोबर दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतूही विरघळवितात. त्यांच्याच प्रभावाने हाड झिजविणाऱ्या पेशी जागृत होतात आणि जबड्याचे हाड दातापासून मागे हटू लागते. पहारेकऱ्याने चोराला हुसकावण्याच्या भरात घराची भिंतच पाडावी, तसा हा प्रकार होय. रॉय पेज व ह्यूबर्ट श्रोडर या शास्त्रज्ञांनी १९७६ साली या बदलांच्या क्रमवार अवस्था वर्णन केल्या.

याचा अर्थ प्रतिकारशक्ती नसलेली बरी, असा मात्र नाही. पापियों व लफेव्र या फ्रेंच वैद्यांनी १९२४ साली एका दुर्मिळ आनुवंशिक व्याधीचे वर्णन केले. या व्याधीत तळहात व तळपाय यांची त्वचा जाड होते. अशा मुलांचे दुधाचे दात लहानपणीच आणि कायमचे दात पौगंडावस्थेत गळून पडतात. ज्या जनुकातील दोषामुळे हे घडते, तो १९९९ साली सापडला. पांढऱ्या पेशींच्या कार्याला आवश्यक असलेले एक विकर त्या दोषामुळे निकामी होते. तात्पर्य, प्रतिकार कमी पडला तरी दात जातात आणि प्रमाणाबाहेर लांबला तरीही जातात.

मधुमेह आणि तंबाखू

प्रतिकारशक्तीचा समतोल बिघडविणाऱ्या दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिली मधुमेह. रक्तातील साखर आटोक्यात नसल्यास पांढऱ्या पेशींचे कार्य मंदावते, दाह चिघळतो आणि जखमा उशिरा भरतात. लोए यांनी १९९३ साली या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. उलट, हिरड्यांवर उपचार केल्यास मधुमेह्यांची साखर काही अंशी खाली येते, असेही आढळले आहे. भारतात २०२१ साली मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी होती, हे लक्षात घेता या संबंधाचे महत्त्व ध्यानी येईल.

दुसरी गोष्ट तंबाखू. धूम्रपानाने पांढऱ्या पेशींचे कार्य बिघडते. शिवाय हिरड्यांतील रक्तस्राव कमी होत असल्याने रोगाची पहिली खूणच झाकली जाते. महाराष्ट्रात अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, मशेरी लावण्याची सवय आहे. मशेरीने दात स्वच्छ व घट्ट होतात ही समजूत चुकीची आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय. ती हिरड्यांना अपाय करते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढविते.

उपचार आणि प्रतिबंध

आपल्या वाट्याला कोणत्या प्रकारची प्रतिकारशक्ती आली आहे, हे कोणाच्याही हाती नाही. जीवाणूंचा थर रोज काढणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. त्याचा लाभ किती होतो, हेही लोए यांच्याच अभ्यासातून दिसते. बालपणापासून दंतसेवा मिळालेल्या नॉर्वेतील पुरुषांचीही त्यांनी अशीच पाहणी केली होती. चाळिशीच्या सुमारास त्यांच्या दाताभोवतीच्या तंतूंची पकड सरासरी दीड मिलिमीटर सुटलेली होती. श्रीलंकेतील कामगारांत हे प्रमाण साडेचार मिलिमीटर होते.

मऊ ब्रशने व फ्लोराईडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेपर्यंत दात घासावेत. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये, कारण ते रक्त थर साचल्याचे लक्षण असते. कठीण झालेले कीटण मात्र ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. ‘सफाईने दात ढिले होतात’ ही तक्रार अनेकदा ऐकू येते. कीटण निघाल्यावर आधीच झालेली झीज उघडी पडते, एवढाच तिचा अर्थ. रोग खोलवर गेला असल्यास दंतवैद्य मुळांची सफाई किंवा शस्त्रक्रिया करतात. झिजलेले हाड पूर्णतः परत येत नाही, पण झीज थांबविता येते. नुसत्या औषधी गोळ्यांनी किंवा शक्तिवर्धक टॉनिकांनी मात्र हा रोग बरा होत नाही.

शाळा व ग्रामपंचायती यांना या कामी पुष्कळ करता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दातांची तपासणी अंतर्भूत आहे. त्या तपासणीनंतर पाठविलेले मूल प्रत्यक्ष दंतवैद्यापर्यंत पोहोचले की नाही, याची विचारपूस शिक्षकांनी करावी. गावातील मधुमेह तपासणी शिबिरात हिरड्यांतून रक्त येते काय, हा एक प्रश्न जोडला तरी अनेक रुग्ण वेळीच लक्षात येतील. त्याला काहीही खर्च लागत नाही. मशेरीचा प्रश्न महिला बचत गटांच्या बैठकीत घ्यावा, कारण ही सवय घरातूनच मुलींकडे जाते. हिरडीतून आलेले पहिले रक्त ही शरीराने दिलेली सूचना आहे. ती ऐकली गेली, तर उतारवयातही बहुतेकांना आपल्या स्वतःच्या दातांनी भाकरी चावता येईल.