‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नका: पित्ताशयातील खडे

पेठ, सुरगाणा भागातील गावभेटींत पोटदुखीविषयी विचारले की “पित्त झालंय, ताई” हे उत्तर मला हमखास मिळते. आंबट ढेकर, जळजळ यांना आपण ‘पित्त’ म्हणतो, पण ते जठरातील आम्ल. खरे पित्त यकृतात तयार होते आणि पित्ताशय नावाच्या लहान पिशवीत साठते. खडे होतात ते या पिशवीत.

खडे कोणाला होतात?
बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात. चाळिशीनंतर, स्त्रियांमध्ये आणि वजन जास्त असल्यास ते अधिक आढळतात. मात्र सिकलसेल असलेल्यांना अगदी शाळकरी वयातही खडे होऊ शकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते; सिकलसेलमध्ये ती १० ते २० दिवसांतच फुटते. त्यातून निघणारे पिवळे द्रव्य पित्तात वाढते आणि त्याचे काळे खडे बनतात. आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त असल्याने तरुणांच्या पोटदुखीकडेही लक्ष द्यावे.

लक्षणे
• उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, बऱ्याचदा जेवणानंतर किंवा रात्री
• कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाणे
• मळमळ, उलटी

कळीसोबत थंडी-ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर खडा पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे एरवीही पिवळसर दिसतात. म्हणून नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले तर थांबू नका. काविळीसाठी डाग देण्यात वेळ घालवू नका.

उपचार
सोनोग्राफीत खडे सहसा दिसतात. त्रास नसेल तर बहुधा लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. वारंवार कळ येत असेल तर दुर्बिणीने पित्ताशय काढतात. त्यानंतरही यकृत पित्त बनवत राहते आणि अन्न पचते. मुतखड्यावर घेतात त्या पानफुटीच्या पाल्याने हे खडे विरघळत नाहीत. सिकलसेल असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण वेगळी तयारी करावी लागते.

खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्या. घरात कोणाला सिकलसेल असेल तर सर्व मुलांचे रक्त तपासून घ्या.