आउटलुक पासवर्ड घेत नाही? पैसे मोजण्याआधी हे तपासा

"मेल येऊन नाही राहिले, पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा मागून राहिला." वर्ध्यातल्या करसल्लागाराचं ऑफिस असो, हिंगणघाटची जिनिंग असो की सेलूचं कृषी केंद्र, आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जीमेल लावून काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडू शकतो. दुकानात गेलं की विंडोज फॉरमॅट करण्यापासून नवं ऑफिस घेण्यापर्यंत काहीही सुचवलं जाऊ शकतं. खरं तर यातल्या बहुतेक दुरुस्त्या फुकटात होतात.

आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा. त्याच कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून त्याच पासवर्डने जीमेलमध्ये शिरा. तिथे मेल दिसले तर खातं ठीक आहे, अडचण प्रोग्रॅमची आहे. म्हणजे दुरुस्तीची घाई करण्याचं कारण उरलं नाही. पण जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-३बी उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं, शून्य विवरणपत्राला २० रुपये. तेव्हा तारीख जवळ असेल तर मेलवरचे ओटीपी आणि बिलं ब्राउझरमध्येच बघून काम उरका, दुरुस्ती नंतर करा. ब्राउझरमध्येही शिरता आलं नाही, तर गूगलच्याच पानावरून खातं परत मिळवावं लागेल. त्यालाही पैसे लागत नाहीत.

प्रोग्रॅम का अडतो? गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसता नाव-पासवर्ड घेऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला आत सोडणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टने हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. पासवर्ड अचूक असूनही नकार येतो तो यामुळे. कॉम्प्युटर त्यात निर्दोष असतो.

थंडरबर्ड फुकट आहे आणि त्यातला उपाय सोपा आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पानावर ओळख पटवण्याची पद्धत म्हणून 'ओऑथ२' निवडा. गूगलची खिडकी उघडेल, तिथे लॉगिन करून परवानगी द्या. खिडकी उघडून लगेच मिटत असेल तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला हाच बदल वेगळा करावा लागतो, आणि तो हमखास राहून जातो. मग मेल येतात, पण जात नाहीत.

आउटलुक २०१० किंवा २०१३ असेल तर त्याला ही नवी पद्धत कळत नाही. तिथे जीमेलसाठी 'ॲप पासवर्ड' वापरा. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू केल्यावर १६ अक्षरांचा हा पासवर्ड मिळतो. तो एकदाच दिसतो आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी आउटलुकमध्ये टाकायचा असतो. मुख्य पासवर्ड बदललात की जुने ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात, नवा काढावा लागतो. 'परवापर्यंत चालू होतं, आज अचानक बंद पडलं' यामागे अनेकदा एवढंच असतं. हॉटमेलच्या खात्याला मात्र ही सोय उरलेली नाही. जुनं आउटलुक सोडून थंडरबर्ड घेणं हा बिनखर्चाचा मार्ग.

तरीही अडलं तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेला जुना पासवर्ड पुसून टाका. कॉम्प्युटरची तारीख चुकीची असेल तर सुरक्षित जोडणी होत नाही. वीज गेल्यावर तारीख दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदला. तो शंभराच्या आत येतो.

एवढं करूनही दुकानदार लागलाच, तर काम सुरू होण्याआधी मजुरी ठरवून घ्या आणि बिल मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर १८ टक्के कर द्यायचा नाही. वर्षाला काही हजारांचं नवं ऑफिस या एका कारणासाठी घेऊ नका. लॅपटॉपसोबत आलेल्या होम अँड स्टुडंट आवृत्तीत तर आउटलुक नसतंच.

फॉरमॅटला मात्र ठाम नाही म्हणा. खातं पॉप पद्धतीने लावलेलं असेल तर जुने मेल फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर, आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये असू शकतात. डिस्क पुसली गेली की अनेक वर्षांचा पत्रव्यवहार गेला, आणि तो परत मिळवण्याचा खर्च सगळ्या दुरुस्तीपेक्षा मोठा. आधी ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या.

पासवर्ड स्वतः टाइप करा, कागदावर लिहून देऊ नका. इंटरनेटवर 'जीमेल कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या मोबाइल नंबरवर फोन करू नका. फुकट जीमेलसाठी गूगल अशी फोनसेवा देत नाही. समोरचा तुमचा कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं एनीडेस्क टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवा. दुकानदाराने फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. बिल जपून ठेवायचं ते यासाठी.

टू-स्टेप सुरू केल्यावर गूगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून कपाटात ठेवा, आणि खात्याला जोडलेल्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. नंबर बंद पडून दुसऱ्याला गेला, तर तुमचे एसएमएसने येणारे कोड त्याच्या फोनवर जातील.