व्हेनिसमधील परका चित्रकार

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी एका सोनाराच्या घरात इ. स. १४७१ मध्ये आल्ब्रेख्ट ड्यूररचा जन्म झाला. वडिलांनी मुलाला आपल्याच धंद्यात घातले. मुलाचा हात चांगला होता; परंतु त्याचे मन दागिन्यांपेक्षा चित्रांत अधिक रमे. एके दिवशी धीर करून त्याने वडिलांना तसे सांगितले. सोनारकाम शिकण्यात गेलेला काळ फुकट गेला, म्हणून वडील हळहळले. पण अखेर त्यांनी मुलाला वोल्गेमुट नावाच्या चित्रकाराकडे शिकावयास ठेवले.

तो काळ फुकट गेला नव्हता. धातूवर बारीक रेघ कशी ओढावी हे जो सोनाराच्या दुकानात शिकला, त्याने पुढे तांब्याच्या पत्र्यांवर चित्रे कोरली. त्या पत्र्यांवर शाई भरून कागद दाबला की चित्र उमटे. लाकडी ठशांवरूनही तो चित्रे छापी. रंगवलेले चित्र एकाच धन्याच्या घरी जाते. छापलेल्या चित्राच्या शेकडो प्रती निघतात आणि त्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून देशोदेशी फिरतात. १४९८ मध्ये त्याने बायबलाच्या शेवटल्या प्रकरणावरील पंधरा मोठी चित्रे प्रसिद्ध केली आणि त्याचे नाव आल्प्स पर्वतापलीकडे इटलीतही पोहोचले. न्यूरेंबर्गात त्याची आई आणि पत्नी आग्नेस बाजारात व जत्रांत बसून ही चित्रे विकीत असत.

अशा रीतीने नाव झालेला, चौतिशीतला हा चित्रकार १५०५ मध्ये घर सोडून व्हेनिसला निघाला. त्या वर्षी न्यूरेंबर्गात साथीचा रोग पसरला होता, हे निघण्याचे एक निमित्त. परंतु इटलीत चित्रकला किती पुढे गेली आहे, हे नीट पाहावे आणि आपणही तेथे आपले काम दाखवावे, ही ओढ त्याहून मोठी असावी. सुमारे दहा वर्षांपूर्वी तरुणपणी त्याने व्हेनिस एकदा पाहिले होते. आता तो तेथे जवळजवळ दीड वर्ष राहणार होता.

व्हेनिस हे समुद्रातील बेटांवर वसलेले शहर. तेथे रस्त्यांचे काम कालवे करतात आणि गाड्यांचे काम होड्या. त्या काळी पूर्वेकडील मालाचा तो मोठा बाजार होता. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघणारा निळा दगड येथे येई; तो कुटून, धुऊन जो गडद निळा रंग तयार होई, त्याची किंमत फार मोठी असे. केवळ रंग विकणारे व्यापारीही या शहरात होते. तेव्हा येथले चित्रकार रंगांविषयी अभिमानी असावेत, यात नवल नाही. रंगाचे पातळ थर एकावर एक चढवून चित्रात उजेड खेळवण्याची त्यांची हातोटी होती. रेघेच्या बळावर नाव कमावलेला ड्यूरर नेमका या गावी आला होता.

त्याचे येथले दिवस कसे गेले हे आपणांस कळते, ते त्याच्या पत्रांवरून. न्यूरेंबर्गातील श्रीमंत आणि विद्वान मित्र विलिबाल्ड पिर्कहायमर याला त्याने लिहिलेली दहा पत्रे सुदैवाने राहिली आहेत. प्रवासासाठी पैसे याच मित्राने उसने दिले होते. त्या बदल्यात तो ड्यूररला नाना कामे सांगे: मोती घे, अंगठ्या पाहा, गालिचे आण, नवी पुस्तके धाड. एकदा त्याने करकोच्याची पिसे मागवली. ती काही मिळेनात. तेव्हा हंसाची पिसे हवी तितकी मिळतात, तूर्त तीच टोपीत खोवलीस तर कसे, असे ड्यूररने त्याला गमतीने कळवले. आपल्या फजितीही तो लपवीत नसे. नाचणे शिकावे म्हणून तो दोनदा नृत्यशाळेत गेला, गुरूला एक ड्यूकॅट म्हणजे सोन्याचे एक नाणे दिले, आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. सारी मिळकत घालवूनही आपल्याला काही येणार नाही, अशी त्याची खात्री पटली. एकदा आठ ड्यूकॅट देऊन लोकरी कापड घेतले, तर दुसऱ्याच दिवशी लागलेल्या आगीत ते जळून गेले.

व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वखार होती. रिआल्तो पुलाजवळील ही इमारत १५०५ च्या आरंभी जळाली होती व ती नव्याने बांधण्याचे काम चालले होते. जवळच सान बार्तोलोमेओ नावाचे चर्च होते. तेथील वेदीवर लावण्यासाठी या व्यापाऱ्यांनी ड्यूररला एक मोठे चित्र सांगितले. मोबदला ११० फ्लोरिन ठरला. ईस्टरनंतर महिन्याच्या आत चित्र वेदीवर लागले पाहिजे, अशी बोली होती. पण कामाला हात लावणार तोच हातांना खरूज झाली! ती बरी होऊन चित्राची आखणी सुरू झाली, तेव्हा १५०६ चा फेब्रुवारी उजाडला होता.

दुखऱ्या हातांपेक्षा वाईट दुखणे निराळेच होते. सरदार, विद्वान, वादक असे कितीतरी लोक ड्यूररच्या भेटीस येत. इतके की, त्यांच्यापासून लपून बसावे लागते, असे तो लिहितो. परंतु गावचे चित्रकार मात्र त्याला पाण्यात पाहू लागले. ते त्याच्या चित्रांच्या नकला करीत, आणि नकला करून झाल्यावर, ही चित्रे प्राचीनांच्या पद्धतीची नाहीत, म्हणून चांगली नाहीत, असे म्हणत. त्या चित्रकारांबरोबर खाऊ-पिऊ नकोस, असा इशारा त्याच्या इटालियन मित्रांनी त्याला दिला. पुढे त्यांनी त्याला तीनदा न्यायाधीशांपुढे उभे केले आणि चित्रकारांच्या संघाला चार फ्लोरिन भरावयास लावले.

येथे व्हेनिसच्या चित्रकारांची बाजूही ऐकली पाहिजे. बाहेरच्या माणसाने येऊन गावातील काम परस्पर घेऊ नये, असा त्या काळच्या कारागीर संघांचा नियमच असे. पोटावर पाय येईल ही भीती सर्वांनाच असते. चार फ्लोरिन ही तशी मोठी रक्कमही नव्हती. ड्यूररला अधिक बोचला तो त्यांचा एक शेरा. ते म्हणत, “कोरीव कामात हा चांगला आहे, पण रंग कसे हाताळावेत हे याला ठाऊक नाही.” दंड भरून मोकळे होता येते. या बोलण्याला उत्तर द्यावयाचे तर ते रंगांनीच देणे भाग होते.

सारेच चित्रकार असे नव्हते. त्या वेळी व्हेनिसमध्ये सर्वांत वडीलधारा चित्रकार म्हणजे जोव्हान्नी बेलिनी. त्याचे वय सत्तरीच्या घरात होते. त्याने अनेक सरदारांपुढे ड्यूररची स्तुती केली. एवढेच नव्हे, तर तो स्वतः ड्यूररकडे आला आणि आपल्यासाठी काहीतरी रंगवून द्यावे, योग्य ती किंमत देईन, असे म्हणाला. बेलिनी फार वृद्ध झाला आहे, तरी चित्रकलेत अजून तोच सर्वांत श्रेष्ठ आहे, असे ड्यूररने मित्राला लिहिले. अकरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टी मला फार आवडल्या होत्या, त्या आता आवडत नाहीत, असेही त्याच पत्रात आहे. अकरा वर्षांत त्याची नजर किती बदलली होती, हे यावरून दिसते.

या दोघांची एक कथा कामेरारिउस नावाच्या पंडिताने लिहून ठेवली आहे. तो ड्यूररला ओळखत होता. ड्यूररने रंगवलेले केस इतके बारीक व मोकळे असत की, एकेक केस निराळा दिसे. ते पाहून बेलिनीला मोठे कुतूहल वाटले. एकदा तो ड्यूररला म्हणाला, “तुम्ही ज्या कुंचल्याने केस रंगवता, त्यांतला एक मला द्याल का?”

ड्यूररने आपले सगळे कुंचले पुढे ठेवले. ते साधेच होते. बेलिनी रोज वापरी तसे. “आपणांस आवडेल तो घ्यावा. सगळे घेतले तरी चालतील,” तो म्हणाला.

बेलिनीला वाटले, याला आपले म्हणणे समजले नाही. “हे नव्हेत. एका फटकाऱ्यात अनेक केस उमटवणारा जो कुंचला आहे, तो म्हणतो मी.”

तेव्हा ड्यूररने त्यांतलाच एक कुंचला उचलला आणि बेलिनीच्या देखत एका स्त्रीचे लांब, कुरळे केस रंगवून दाखवले. हात कोठेही थांबला नाही की अडखळला नाही. बेलिनी पाहत राहिला. हे आपण डोळ्यांनी पाहिले नसते, तर कोणी सांगून खरे मानले नसते, असे तो पुढे लोकांना सांगत असे.

असा माणूस जवळ असताना इतरांच्या बोलण्याची फिकीर का करावी? तरीही ड्यूरर मोठ्या चिकाटीने वेदीच्या चित्रामागे लागला. फळीला रंग लावण्याआधी त्याने व्हेनिसमध्ये मिळणाऱ्या निळ्या कागदावर कुंचल्याने सराव केला. चित्रात एखादा हात यावयाचा असेल, तर तो हात आधी निराळा काढावयाचा. वस्त्राच्या चुण्या, देवदूताचे मुख, सारे असेच. कागद आधीच निळा असल्यामुळे काळ्या रेघांनी छाया आणि पांढऱ्या रेघांनी उजेड झटकन दाखवता येई. ही रीत व्हेनिसची होती, आणि ती उचलण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

चित्राचा विषय असा: मध्यभागी मेरीमाता बाळ येशूला घेऊन बसली आहे आणि भोवती गुडघे टेकलेल्या लोकांना गुलाबांच्या माळा वाटल्या जात आहेत. एका बाजूस पोप, दुसऱ्या बाजूस सम्राट. मागे व्यापारी, कारागीर, स्त्रिया. मेरीचे वस्त्र निळे. तिच्या पायाशी एक देवदूत वाद्य वाजवीत बसला आहे. १५०५ मध्ये बेलिनीने सान झाक्कारिया या चर्चसाठी जे चित्र रंगवले, त्यातही मेरीच्या पायाशी असाच वाद्य वाजवणारा देवदूत आहे. आपल्या चित्रात देवदूत बसवून ड्यूररने त्या वृद्धाला न बोलता नमस्कार केला, असे मला वाटते.

उजवीकडे मागे एका झाडापाशी, लांब केसांचा एक पुरुष हातात कागद घेऊन पाहणाऱ्याकडे रोखून बघत आहे. तो स्वतः ड्यूरर. कागदावर लॅटिनमध्ये लिहिले आहे की, हे काम आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मनाने पाच महिन्यांत केले. पत्रांतील तारखा पाहिल्या तर आखणीपासून पूर्ततेपर्यंत सात महिने होतात. पाच कोणते मोजले ते त्याचे तोच जाणे! पण ‘जर्मन’ हा शब्द त्याने विसरून लिहिलेला नाही.

सप्टेंबरमध्ये चित्र पुरे झाले. व्हेनिसचा राज्यप्रमुख, ज्याला डोजे म्हणत, तो लिओनार्दो लोरेदान आणि तेथील मुख्य धर्माधिकारी ते पाहावयास आले. ज्यांनी रंगांवरून नाक मुरडले होते, त्या सर्व चित्रकारांची तोंडे बंद झाली. याहून सुंदर रंग आपण पाहिले नाहीत, असे आता प्रत्येक जण म्हणतो, असे ड्यूररने मित्राला आनंदाने कळवले. तू पाहावेस म्हणून आपण एक ड्यूकॅट देऊ, असे माझे चित्रच म्हणते, असेही त्याने लिहिले. मात्र हिशेबात तो पक्का होता. कीर्ती पुष्कळ मिळाली, नफा थोडा; एवढ्या वेळात दोनशे ड्यूकॅट सहज मिळाले असते, ही चुटपुट त्याच पत्रात आहे.

घरी परतण्यापूर्वी त्याला आणखी एक गोष्ट शिकावयाची होती. दूरच्या वस्तू लहान व जवळच्या मोठ्या दिसतात. त्या गणिताने अचूक कशा काढाव्यात, हे जाणणारा कोणी बोलोन्या शहरी होता. त्याच्याकडे जाण्याचा बेत ड्यूररने मित्राला कळवला. आणि १५०७ मध्ये व्हेनिसमध्ये एक ड्यूकॅट देऊन त्याने युक्लिडचे भूमितीचे पुस्तक विकत घेतले. खरेदीची ही नोंद त्याने पुस्तकातच करून ठेवली आहे. पुढे १५२५ मध्ये त्याने स्वतः भूमितीवर पुस्तक लिहिले. लॅटिन न जाणणाऱ्या कारागिरांनाही ते वाचता यावे म्हणून ते त्याने जर्मन भाषेत लिहिले.

निघण्याची वेळ जवळ आली तेव्हा त्याचे मन दुभंगले. या सूर्यप्रकाशानंतर आपण तिकडे गारठून जाऊ, येथे आपण सद्गृहस्थ आहोत आणि घरी कोणाचे तरी मिंधे, असे त्याने लिहिले. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी त्याला वर्षाला दोनशे ड्यूकॅट देऊन ठेवून घेण्याची तयारी दाखवली होती. ही गोष्ट त्याने १५२४ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरसभेला एका अर्जात सांगितली. आपल्या गावावरील प्रेमामुळे आपण नकार दिला. पण या गावाने आपल्याला तीस वर्षांत पाचशे फ्लोरिनांचेही काम दिले नाही, हेही त्याने तेथे स्पष्टपणे लिहिले.

ते चित्र शंभर वर्षे व्हेनिसमध्येच राहिले. मग सम्राट रुडॉल्फने ते विकत घेतले. गाडीच्या हादऱ्यांनी रंग उडतील म्हणून, गालिच्यांत गुंडाळून, दांड्यांना बांधून ते चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी खांद्यावरून आल्प्स ओलांडून प्रागला नेले, असे सांगतात. एवढे जपलेले चित्र पुढे युद्धांच्या धामधुमीत फार खराब झाले. त्याचे बरेच रंग उडाले आणि मागाहून दुसऱ्या हातांनी ते भरून काढले. आज ते प्रागच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. सरावासाठी निळ्या कागदांवर काढलेली काही चित्रे मात्र व्हिएन्नातील आल्बर्टिना संग्रहालयात आहेत. त्यांतील देवदूताच्या मुखावर ड्यूररने ओढलेल्या पांढऱ्या रेघा अजून स्वच्छ दिसतात.