कथेचा उत्तरार्ध

भाईंदर येथे खाडीपासून जवळच एक शाळा आहे. एके वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्या शाळेतील सातवीच्या मुलांना दोन जुने अमेरिकन साहसपट लागोपाठ दोन दिवस दाखविण्यात आले. पहिला ‘किंग काँग’ आणि दुसरा त्याचाच पुढील भाग ‘सन ऑफ काँग’, म्हणजे ‘काँगचा मुलगा’. दोन्ही चित्रपट १९३३ सालचे. पहिला त्या वर्षीच्या मार्च महिन्यात प्रकाशित झाला आणि विलक्षण लोकप्रिय झाला. त्या लोकप्रियतेचा लाभ उठविण्यासाठी दुसरा घाईघाईने तयार करून डिसेंबरात पडद्यावर आणण्यात आला.

पहिल्या दिवशी सारा वर्ग तल्लीन होऊन गेला. कार्ल डेनहॅम नावाचा एक धाडसी चित्रपट-निर्माता नकाशाच्या आधारे एका अज्ञात बेटावर जातो. तेथील प्रचंड वानर काँग याला तो बेशुद्ध करून न्यूयॉर्क शहरी आणतो आणि साखळदंडांनी जखडून, तिकिटे लावून लोकांना दाखवितो. काँग साखळदंड तोडतो, शहरात हाहाकार माजवितो आणि अखेर एम्पायर स्टेट या १०२ मजली इमारतीच्या शिखरावर चढतो. विमानांतून सुटलेल्या गोळ्यांनी घायाळ होऊन तो खाली कोसळला, तेव्हा कित्येक मुलांचे डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी मात्र मुलांचा हिरमोड झाला. या भागात काँगने केलेल्या नुकसानीबद्दल डेनहॅमवर खटले गुदरलेले असतात. ते चुकविण्यासाठी तो कॅप्टन एंगलहॉर्न याच्या जहाजावरून पळ काढतो. दूरच्या एका बंदरात त्याला हेलस्ट्रॉम भेटतो. बेटाचा नकाशा डेनहॅमला देणारा तो हाच. एका मुलीच्या पित्याचा जीव घेऊन हा इसम सुटकेची वाट शोधीत असतो. म्हणून ‘त्या बेटावर खजिना आहे’ अशी थाप तो ठोकून देतो. पुढे खलाशी बंड करतात आणि डेनहॅम व त्याचे सोबती होडीतून बेटावर पोहोचतात. तेथे चिखलात रुतलेले काँगचे पिल्लू त्यांना दिसते. डेनहॅम त्याला बाहेर काढतो, त्याच्या जखमी बोटाला पट्टी बांधतो. ते भाबडे पिल्लू त्या साऱ्यांचे हिंस्र प्राण्यांपासून रक्षण करते. थापेतला खजिना खरोखरच सापडतो! इतक्यात धरणीकंप होऊन बेट बुडू लागते. पिल्लू डेनहॅमला तळहातावर उचलून पाण्याच्या वर धरते आणि स्वतः बुडून मरते. डेनहॅम वाचतो, खजिनाही वाचतो.

“गुरुजी, अगदीच टाकाऊ चित्रपट!” मागच्या बाकावरून आवाज आला.

गुरुजी हसून म्हणाले, “चित्रपट टाकाऊ आहे, हे तुझे मत झाले. तो कोठे बिघडला हे सांगशील, तर तो विचार होईल. आणि बिघाड नेमका सापडला, की दुरुस्तीची वाटही दिसू लागते.”

मग एकेक मुलगा दोष सांगू लागला. एक म्हणाला, “थापाड्याची थाप खरी ठरते, हे काही पटत नाही.” दुसरा म्हणाला, “धरणीकंपाला काही कारणच नाही. गोष्ट संपविता येईना, म्हणून बेट बुडविले.” तिसऱ्याचे म्हणणे असे पडले, की काँगच्या मानाने त्याचे पिल्लू फारच लहान होते; याहून अजस्र प्राणी हवा होता.

“प्राणी दुप्पट मोठा केला, म्हणजे गोष्ट दुप्पट चांगली होईल काय?” गुरुजींनी विचारले. यावर वर्गात बराच गलका झाला. परंतु उत्तर काही निघाले नाही.

त्याच आठवड्यात मुलांची सहल उत्तनच्या बाजूला, चौक येथील धारावी किल्ल्याच्या टेकडीवर गेली. तेथून खाडीच्या मुखापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. तिकडे बोट दाखवून गुरुजी म्हणाले, “परवाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. या खाडीवर एक मोठी कथा दोन भागांत घडली. तिच्यात उत्तर सापडते का ते पाहा. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले. परंतु वसईच्या तटाला शिड्या लावून केलेले हल्ले फसले. हा पूर्वार्ध. १७३९ साली मराठे पुन्हा आले, ते काही नुसत्या उंच शिड्या घेऊन नव्हे. त्यांनी आधी माहीम, केळवे, तारापूर ही भोवतालची ठाणी जिंकली. मार्चमध्ये ही धारावी घेतली. मग वसईच्या तटाखाली सुरुंग खणले. त्या कामी शेकडो माणसे पडली. मे महिन्यात किल्ला शरण आला, तेव्हा चिमाजी आप्पांनी शत्रूला कुटुंबकबिल्यासह सुखरूप जाऊ दिले. आता सांगा, हा उत्तरार्ध कशातून जन्मला?”

“पहिल्या भागातल्या अपयशातून,” एक मुलगी हळूच म्हणाली. ती उत्तनच्या कोळीवाड्यातील होती.

“मग डेनहॅमच्या पूर्वार्धात काय राहून गेले होते?”

मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, “त्याचे देणे, गुरुजी. लोकांचे तर होतेच. पण काँगचेही होते. ते त्याने फेडलेच नाही. उलट पिल्लूच त्याच्यासाठी मेले.”

“तर मग ते फेडून दाखव,” गुरुजी म्हणाले.

सुट्टी संपल्यावर तिने आपली कथा वर्गात वाचून दाखविली. तिच्या कथेत खजिना नव्हता आणि धरणीकंपही नव्हता. खटल्यांनी गांजलेल्या डेनहॅमकडे एक धनिक येतो आणि म्हणतो, “दुसरा काँग आणून दे, तुझे सगळे कर्ज मी फेडतो.” डेनहॅम कबूल होतो. बेटावर चिखलात रुतलेले पिल्लू त्याला दिसते. तो त्याला वर काढतो, परंतु दयेने नव्हे, पकडून नेण्यासाठी. बोटाला पट्टीही बांधतो. कारण जखमी प्राण्याला किंमत कमी येईल. ते पिल्लू मात्र त्या पट्टीलाच माया समजते आणि आपल्या पायांनी त्याच्या मागोमाग किनाऱ्यावर येते. रात्री नांगराच्या साखळीशी ते खेळू लागते. साखळीच्या त्या खळखळाटाने डेनहॅमची झोप उडते. हाच आवाज त्याने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ऐकलेला असतो. पहाटे तो पिल्लाला पुन्हा रानात नेऊन सोडतो. हेलस्ट्रॉम आडवा येतो. त्याच्याशी झुंज देऊन डेनहॅम बेटाचा नकाशा जाळून टाकतो आणि रिकाम्या हातांनी परत येऊन न्यायालयापुढे उभा राहतो.

वर्ग शांत होता. मग परवाचा तिसरा मुलगा उठला. “पण बिचाऱ्या खलाशांचे काय? त्यांना मजुरी कोण देणार? पहिल्या चित्रपटात तर त्यांच्यातले कितीतरी मेले.”

मुलीने वही पुढे ओढली. “हे माझ्या ध्यानात आले नाही,” ती म्हणाली, आणि तिने शेवटी एक वाक्य वाढविले : ‘डेनहॅमने आपला कॅमेरा विकला आणि प्रथम खलाशांची मजुरी चुकती केली.’

“तुला हे साखळीचे कसे सुचले?” गुरुजींनी विचारले.

“आमच्या होडीवर जाळे ओढताना लहान मासळी आली, तर बाबा ती परत पाण्यात टाकतात. एकदा मी म्हटले, ‘बाबा, विकली तर चार पैसे येतील.’ ते म्हणाले, ‘येतील, पण पुढच्या वर्षी दर्यावर काय तोंड घेऊन जायचे?’ डेनहॅमही त्या बेटावर दुसऱ्यांदाच गेला होता ना, गुरुजी?”

गुरुजींनी फळ्याकडे वळून त्या दिवशीच्या धड्याचे नाव लिहिले : ‘दुसऱ्यांदा जाताना’. आणि प्रत्येकाने आपापला उत्तरार्ध लिहावयास घेतला.

स्वाध्याय

१. ‘सन ऑफ काँग’ या चित्रपटाच्या कथेत मुलांना कोणते दोष आढळले?
२. वसईच्या मोहिमेचे उदाहरण गुरुजींनी कशासाठी दिले?
३. मूळ चित्रपटात व मुलीच्या कथेत डेनहॅम पिल्लाला चिखलातून वर काढतो. या दोन प्रसंगांतील फरक स्पष्ट करा.
४. तुम्हाला न आवडलेल्या एखाद्या गोष्टीचा शेवट निवडा. तो कोठे बिघडला ते प्रथम दोन वाक्यांत लिहा. नंतर तो नव्याने लिहा.